किरकोळ ते घाऊक : गोव्यातल्या सत्तांतरांचा हिशेब

मार्च १९९० ते ऑक्टोबर २००० या साडेदहा वर्षांत गोव्यात मुख्यमंत्रिपदाची शपथ बारा वेळा घेतली गेली. शपथ घेणारी माणसे मात्र आठच होती : चर्चिल आलेमांव, लुईस प्रोतो बार्बोझा, रवी नाईक, डॉ. विल्फ्रेड डिसोझा, प्रतापसिंग राणे, लुईझिन फालेरो, फ्रान्सिस सार्दिन आणि शेवटी मनोहर पर्रीकर. आलेमांव अठरा दिवस टिकले, तर रवी नाईकांची एप्रिल १९९४ मधली दुसरी खेप सहा दिवसांत आटोपली. मधल्या काळात दोनदा राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. त्याआधीच्या सव्वीस वर्षांत याच गोव्याने बांदोडकर, शशिकला काकोडकर आणि राणे असे तीनच मुख्यमंत्री पाहिले होते. त्यामुळे १९९० नंतर काय बिघडले, हा प्रश्न साहजिकच पडतो. राजकारणी लोभी झाले, हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नसेल, पण त्याने काही उलगडत नाही, कारण लोभ १९९० साली जन्माला आलेला नाही. पक्ष ओलांडण्याची राजकीय किंमत त्या सुमारास शून्यावर आली, आणि पक्षांतर रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने ते बंद पाडण्याऐवजी त्याला ठरावीक माप नेमून दिले, असे मला वाटते. पुढे गोव्याची सरकारे स्थिर झाली तेव्हा हा रोग बरा झाला असे अनेकांनी मानले. प्रत्यक्षात सरकार स्थिर झाले आणि मतदाराचा कौल अस्थिरच राहिला.

आधी किमतीचे पाहू. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून गोव्याचे राजकारण एकाच प्रश्नावर दुभंगलेले होते : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, विलीनीकरणाचा आणि मराठीचा. युनायटेड गोवन्स वेगळेपणाचा आणि कोकणीचा. या रेषेवरून पलीकडे जाणे म्हणजे आपल्या गावाला, देवळाला किंवा चर्चला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड दाखवायची सोय न राहणे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने विलीनीकरणाचा प्रश्न निकालात काढला. भाषेचा प्रश्न वीस वर्षे धुमसत राहिला आणि राजभाषा कायदा व ३० मे १९८७ ला मिळालेले घटकराज्याचे स्थान यांनी त्यावरही पडदा टाकला. एक रेषा पुसली गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणी आखली नाही. हे अंदाजाने म्हणत नाही. १९९० मध्ये मुख्यमंत्री झालेले आलेमांव कोकणीच्या आंदोलनातून पुढे आलेले नेते होते आणि त्यांना सत्तेवर बसवणारा मुख्य भागीदार होता मराठीचा कैवारी मगो. चार वर्षांपूर्वी रस्त्यावर एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन पक्ष एका मंत्रिमंडळात बसले आणि त्याबद्दल कोणालाही मतदारांपुढे जाऊन जाब द्यावा लागला नाही. पक्षांतरे याआधीही झाली होती. १९७९ मध्ये काकोडकरांचे सरकार स्वपक्षीयांच्या फुटीनेच पडले. १९८० मध्ये अर्स काँग्रेसच्या नावावर निवडून आलेला बहुमताचा गट पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये गेला. म्हणजे रेषा पुसट होत चालली होती. १९८७ नंतर तिचा मागमूसही उरला नाही.

आता कायद्याकडे वळू. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. एकट्याने पक्ष सोडणारा आमदार अपात्र ठरेल, पण एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती 'फूट' आणि दोन तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते 'विलीनीकरण', दोन्हींना संरक्षण. मतभेद तत्त्वाचे असतील तर ते अनेकांचे असतील, असा यामागचा तर्क होता. गोव्यात त्याचा अर्थ काय झाला हे आकडेच सांगतात. १९८९ च्या अखेरच्या निवडणुकीत चाळीसपैकी वीस जागा काँग्रेसला, अठरा मगोला आणि दोन अपक्षांना मिळाल्या. वीसचा एक तृतीयांश म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश. मार्च १९९० मध्ये बाहेर पडले सात, आणि त्यांत खुद्द सभापती बार्बोझा होते. पुढे एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने फुटीची सवलत काढून टाकली आणि दोन तृतीयांशांचे विलीनीकरण तेवढे ठेवले. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तीन आमदारांपैकी दोघे मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांपैकी आठ. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश भरतात. चारही वेळा कायद्याला लागेल नेमका तेवढाच आकडा, ना एक कमी, ना एक जास्त. तत्त्वासाठी पक्ष सोडणाऱ्यांचा आकडा दर वेळी अपूर्णांकाच्या लगतच्या पूर्णांकावर येऊन थांबत नाही. कायद्याने किरकोळ व्यापार बंद केला आणि घाऊक व्यापाराला परवाना दिला.

या व्यापारातला माल म्हणजे मंत्रिपद. एक्याण्णवाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणला, पण लहान राज्यांसाठी किमान बारा ही सूट ठेवली. चाळीसचे पंधरा टक्के सहा होतात. गोव्याला बारा मिळतात. बहुमताला एकवीस लागतात, म्हणजे काठावरच्या सरकारात सत्ताधारी बाकांवरचे निम्म्याहून जास्त आमदार मंत्री असू शकतात. मोठ्या राज्यात पुष्कळ आमदारांना मंत्रिपद कधीच मिळणार नाही हे ठाऊक असते. गोव्यात प्रत्येकाला ते हाताशी दिसते. त्यात मतदारसंघ छोटे. २०२२ मध्ये राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते, म्हणजे एका आमदारामागे सरासरी एकोणतीस हजार. महाराष्ट्रात हीच सरासरी तीन लाखांच्या वर जाते. इतक्या लहान वर्तुळात आमदार पक्षाच्या चिन्हापेक्षा स्वतःच्या ओळखीवर, लोकांच्या केलेल्या कामांवर आणि नातेगोत्यांवर निवडून येतो, आणि ती कामे सत्तेत असल्याशिवाय होत नाहीत.

पंच मानलेल्या पदांनी ही घसरण अडवली नाही, उलट कधीकधी तीच खेळात उतरली. रवी नाईकांना सभापतींनी फेब्रुवारी १९९१ मध्ये अपात्र ठरवले, त्यानंतर ते पद सांभाळणाऱ्याने तो आदेश स्वतःच फिरवला. सभापतीला असा फेरविचार करताच येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. तोवर नाईक दोन वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपदावर होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांची अपात्रताही रद्द केली, त्यामुळे त्या दोन वर्षांबद्दल नेमके काय म्हणायचे हे कायद्याच्या पंडितांवर सोडावे लागते. मार्च १९९४ मध्ये बोम्मई खटल्याचा प्रसिद्ध निकाल आला आणि बहुमताचा फैसला सभागृहात व्हायला हवा हे त्याने पक्के केले. जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा पणजीत राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी डिसोझा सरकार बडतर्फ करून नाईकांना शपथ दिली. सहा दिवसांत डिसोझा परतले आणि पद गेले ते राज्यपालांचे.

यावर पहिला आक्षेप असा की गोवा लहान आहे, एवढेच याचे कारण. बाकीचा विचार फुकटचा. पण सिक्कीमची विधानसभा बत्तीस जागांची, आणि तिथे पवनकुमार चामलिंग १९९४ ते २०१९ सलग मुख्यमंत्री होते. खुद्द गोव्याची विधानसभा आधी तीसच सदस्यांची होती, तरी राणे दहा वर्षे टिकले. लहानपणामुळे एकेका आमदाराचा भाव वाढतो हे खरे, पण त्याला विकायला काय लावते हे त्यातून कळत नाही. आणि मोठ्या राज्याला या रोगापासून अभय आहे असेही नाही : महाराष्ट्राने २०१९ ते २०२४ या एका विधानसभेत तीन मुख्यमंत्री पाहिले, त्यांतली एक शपथ पहाटेची आणि ते सरकार जेमतेम चार दिवसांचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुख्यमंत्री बदलत होते त्याच दशकात कोकण रेल्वे आली, पर्यटन फोफावले आणि दरडोई उत्पन्नात गोवा देशात आघाडीवर राहिला. मग अस्थिरतेने बिघडवले काय? उलटा दाखलाही देता येतो. २००७ ते २०१२ या काळात दिगंबर कामतांचे सरकार पाच वर्षे टिकले. लोहखनिजाच्या बेसुमार उत्खननाचा काळही तोच. शहा आयोगाने बेकायदा उत्खननातून झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा दिला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. स्थिर सरकार म्हणजे चांगले सरकार नव्हे, आणि राज्याची संपत्ती काही मुख्यमंत्र्याच्या खुर्चीतून निघत नाही. पण म्हणूनच हानी विकासाच्या आकड्यांत शोधण्यात अर्थ नाही. ती जबाबदारीत शोधावी लागते. पर्रीकर वगळता वरच्या यादीतले सातही जण कधी ना कधी काँग्रेसचे होते. खुर्ची फिरत राहिली, भोवतालचे मंडळ तेच राहिले. निर्णय कोणाचा हे विचारायला गेले की प्रत्येकाला मागच्याकडे बोट दाखवता येई, आणि मागचा बहुधा त्याच मंत्रिमंडळात शेजारी बसलेला असे.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. संसदीय लोकशाहीत नेता बदलता येणे ही खोड नव्हे, तेच तिचे बळ. ब्रिटनने २०२२ या एका वर्षात तीन पंतप्रधान पाहिले आणि त्यांतल्या लिझ ट्रस पन्नास दिवसही टिकल्या नाहीत. तुलना चांगली आहे, पण ती माझ्याच बाजूने साक्ष देते. जॉन्सन, ट्रस आणि सुनक यांना बसवणारे आणि उठवणारे खासदार हुजूर पक्षाचेच राहिले. मतदाराने ज्या पक्षाला कौल दिला होता त्या पक्षाने आपला नेता बदलला. गोव्यात नेता बदलण्यासाठी कौलच बदलला गेला. जर्मनीचा उपायही इथे लागू पडला नसता. तिथल्या घटनेनुसार पर्यायी चान्सेलर निवडल्याशिवाय विद्यमान चान्सेलरला हटवता येत नाही, आणि १९४९ पासून असा ठराव १९८२ मध्ये एकदाच यशस्वी झाला. पण गोव्यात पर्यायाची वाण कधीच नव्हती. दर वेळी नवा मुख्यमंत्री सरकार पडण्याआधीच तयार असे.

२०१२ नंतर आणि विशेषतः २०१९ नंतर गोव्याचे सरकार बाहेरून भक्कम दिसते. प्रमोद सावंत मार्च २०१९ पासून पदावर आहेत. या स्थैर्याचे घटक तपासावेत. २०१७ मध्ये काँग्रेसला सतरा आणि भाजपला तेरा जागा मिळाल्या होत्या. जुलै २०१९ पर्यंत भाजपचे बळ सत्तावीसवर गेले. चंद्रकांत कवळेकर, कामत आणि मायकल लोबो हे लागोपाठचे तिन्ही विरोधी पक्षनेते पुढे सत्ताधारी पक्षात गेले. पूर्वी आमदार फुटत तेव्हा सरकार पडे. आता आमदार फुटतात तेव्हा विरोधी पक्ष नाहीसा होतो. सरकार पडले तर निदान बातमी होते, राज्यपाल आणि न्यायालय लक्ष घालतात. विरोधी बाके रिकामी झाली तर कामकाज सुरळीत चालले आहे असे दिसते. हा दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो.

मतदार झोपलेला नव्हता. २०१९ मध्ये दहा जणांना घेऊन गेलेले आणि उपमुख्यमंत्री झालेले चंद्रकांत कवळेकर २०२२ मध्ये केप्यात हरले. त्या दहांतले आणखीही बरेच जण परतले नाहीत. त्याच निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आलेल्या अकरांपैकी आठ जण सहा महिन्यांत गेले. लोकांनी शिक्षा केली, देवाची शपथ झाली, तरी परिणाम शून्य. कारण शिक्षा पाच वर्षांनी होते आणि मंत्रिपद त्याच आठवड्यात मिळू शकते. न्यायालयही उशिराच पोचते. २०१९ च्या दहांवरच्या अपात्रतेच्या अर्जावर सभापतींनी २०२१ मध्ये निर्णय दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो कायम केला, तेव्हा पुढच्या निवडणुकीचे मतदान होऊन गेले होते. विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांशांनी मान्यता दिली की विलीनीकरण झाले असे धरायचे, मूळ पक्ष जागचा हलला नसला तरी; असा त्या निकालाचा आशय होता.

ज्याला पक्ष बदलायचा त्याने राजीनामा द्यावा आणि त्याच मतदारांकडे परत जावे, हा रस्ता खुला आहे आणि गोव्यात तो वापरलाही गेला आहे. विश्वजित राणे यांनी २०१७ मध्ये आणि सुभाष शिरोडकर यांनी पुढल्या वर्षी काँग्रेसची आमदारकी सोडली आणि भाजपच्या तिकिटावर पोटनिवडणूक जिंकून ते परतले. त्यांचा निर्णय कोणाला पटो न पटो, मतदाराला निदान विचारले गेले. पोटनिवडणुकीला खर्च येतो, ही तक्रार दहा आमदार एका दिवसात फिरवण्याच्या खर्चापुढे फिकी आहे. आमदारांच्या स्वातंत्र्याची गळचेपी होईल ही भीतीही उरत नाही, कारण राजीनाम्याचे स्वातंत्र्य कोणी हिरावत नाही. विधी आयोगाने १९९९ मधल्या आपल्या १७० व्या अहवालात फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती दहाव्या परिशिष्टातून काढाव्यात, अशी शिफारस केली होती. संसदेने त्यांतली पहिली २००३ च्या घटनादुरुस्तीने काढली. दुसरी परिच्छेद ४ मध्ये अजून तशीच आहे.