खेळाडूंचे वेतन : गुणांचे मोल की सौद्याचे?

२०२४ च्या नोव्हेंबरात सौदी अरेबियातील जेद्दा येथे आयपीएल क्रिकेट स्पर्धेसाठी खेळाडूंचा लिलाव झाला आणि ऋषभ पंतवर लखनौच्या संघाने २७ कोटी रुपयांची बोली लावली. अशी बातमी आली की शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांत आणि कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत एक ठरावीक वाद सुरू होतो. चेंडू टोलवणाऱ्याला एका हंगामात जे मिळते ते शिकवणाऱ्याला सात जन्मांत मिळणार नाही, असे एक पक्ष म्हणतो. ज्याच्या अंगी गुण आहेत त्याने कमवावे, इतरांच्या पोटात का दुखावे, असे दुसरा विचारतो. एका गृहीतकावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत असते : वेतन हे गुणांचे किंवा कष्टांचे माप आहे. जगातील प्रमुख व्यावसायिक सांघिक खेळांची वेतने शेजारी-शेजारी मांडून पाहिली, तर हे गृहीतकच टिकत नाही.

भाजक कोणता?

या तुलनेसाठी अमेरिकेइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही, कारण तेथे बहुतेक खेळांत संघाने वेतनावर किती खर्च करावा याची मर्यादा दरवर्षी जाहीर होते. २०२५ च्या हंगामासाठी अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक संघाची मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी बास्केटबॉलची १५ कोटी ४६ लाख, तर आइस हॉकीची ९ कोटी ५५ लाख डॉलर. श्रीमंती निर्विवाद फुटबॉलची. २०२१ मध्ये या खेळाने दूरचित्रवाणीशी केलेले करार ११ वर्षांचे आणि सुमारे ११ हजार कोटी डॉलरांचे आहेत. बास्केटबॉलचा २०२४ मधील करार तितक्याच वर्षांचा, पण सुमारे ७,६०० कोटींचा.

तरीही सरासरी वेतनात बास्केटबॉलपटू पुढे आहे. कारण गणिताचे आहे. फुटबॉलच्या संघात ५३ खेळाडू असतात, हॉकीच्या २३ आणि बास्केटबॉलच्या अवघे १५. भागाकार केला तर फुटबॉलपटूच्या वाट्याला सुमारे ५३ लाख, हॉकीपटूच्या साडेएकेचाळीस लाख आणि बास्केटबॉलपटूच्या एक कोटी तीन लाख डॉलर येतात. प्रत्यक्षातील अंतर याहूनही मोठे आहे. फुटबॉलच्या मर्यादेत जखमी आणि मुक्त केलेल्या खेळाडूंच्या रकमाही धराव्या लागतात, तर बास्केटबॉलची मर्यादा लवचीक आहे. फुटबॉलपटू अधिक जोखीम पत्करतो, त्याच्या मेंदूला आणि गुडघ्यांना होणाऱ्या इजा सर्वश्रुत आहेत. पण भाजक मोठा असल्याने भागाकार लहान येतो. हाच हिशेब दर सामन्यामागे केला तर चित्र उलटते, कारण फुटबॉलचा संघ साखळीत १७ सामने खेळतो आणि बास्केटबॉलचा ८२. तात्पर्य, ‘कोणत्या खेळात अधिक पैसा?’ या प्रश्नाला, कशाने भागायचे हे ठरवल्याशिवाय उत्तरच नाही.

सरासरीही फसवी असते. २०२५ च्या आरंभी अमेरिकन बेसबॉलमधील सरासरी वेतन सुमारे ५१ लाख डॉलर होते; मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणारे वेतन, मात्र साडेतेरा लाखांच्या आसपास होते. हुआन सोटोसारख्या खेळाडूने १५ वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलरांचा करार केला की सरासरी वर चढते. मधल्या खेळाडूच्या खिशात त्यातले काही पडत नाही. शिवाय बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये करारातील रक्कम सामान्यतः पूर्ण हमीची असते, तर फुटबॉलमध्ये बहुतेकांना केवळ काही भागाचीच हमी मिळते. कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत म्हणूनच भेद करावा लागतो.

एका नकाराची किंमत

खेळाडूंच्या एकंदर वाट्याला किती येते, हा याहून मूलभूत प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर गुणांत नव्हे, इतिहासात सापडते. जवळजवळ शंभर वर्षे अमेरिकन बेसबॉलच्या करारात एक कलम होते. त्यानुसार करार संपला तरी खेळाडूवरील मालकाचा हक्क संपत नसे. मालक त्याला विकू शकत असे. तो मात्र दुसरा मालक शोधू शकत नसे. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या नामांकित कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाकडे सोपवले, तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. त्याचे वार्षिक वेतन तेव्हा ९० हजार डॉलर होते. म्हणजे भांडण पैशाचे नव्हते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निर्णय दिला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती.

मात्र प्रश्न संपला नव्हता. पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्विन मिलर १९६६ पासून खेळाडूंच्या संघटनेचे काम पाहत होते. त्यांनी मालकांशी केलेल्या सामूहिक करारात लवादाची तरतूद करून घेतली आणि डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने दोन गोलंदाजांच्या प्रकरणात ते कलम मोडीत काढले. १९७५ मध्ये ४५ हजार डॉलरांच्या आसपास असलेले सरासरी वेतन १९८० मध्ये १ लाख ४३ हजारांवर गेले. पाच वर्षांत खेळाडूंचे गुण तिप्पट झाले नव्हते. त्यांना निवडीचा अधिकार मिळाला होता. इंग्लंडमध्येही १९६१ पर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक देण्यास बंदी होती. संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा ती उठली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवू लागला.

संप आणि टाळेबंदी हे शब्द मुंबईच्या वाचकाला गिरणगावामुळे परिचित आहेत. खेळांच्या अर्थकारणातही त्यांचे स्थान तितकेच आहे. १९९४ च्या संपामुळे बेसबॉलची वार्षिक अंतिम मालिका रद्द झाली. २००४-०५ मध्ये हॉकीच्या मालकांनी टाळेबंदी करून संपूर्ण हंगाम बुडवला आणि वेतनमर्यादा पदरात पाडून घेतली. आज हॉकीत उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा आहे. बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्येही तो अर्ध्याच्या जवळपास आहे. हा वाटा बाजाराने आपोआप ठरवलेला नाही. तो वाटाघाटींच्या मेजावर ठरला आहे. याचा लाभ केवळ ताऱ्यांना होतो असेही नव्हे. बेसबॉलच्या दुय्यम संघांतील तरुण २०२२ मध्ये संघटित झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यातील सर्वांत वरच्या श्रेणीचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरांवरून ३५,८०० डॉलरांवर गेले.

आपल्याकडील हिशेब

या पार्श्वभूमीवर भारतीय क्रिकेटकडे पाहिले पाहिजे. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस देण्यास नियामक मंडळाजवळ पुरेसा पैसा नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. ती दैन्यावस्था आता उरलेली नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण-हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. नियोजित ४१० सामन्यांनी भागले तर सामन्यामागे ११८ कोटी. ७४ सामन्यांच्या हंगामाचे सुमारे ८,७३० कोटी होतात. २०२५ साठी प्रत्येक संघाची एकूण वेतनमर्यादा, सामन्यांचे मानधन धरून, १४६ कोटी होती. दहा संघांची मिळून १,४६० कोटी. म्हणजे केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तरी खेळाडूंचा वाटा सतरा टक्क्यांच्या आतबाहेर राहतो. तिकिटे आणि पुरस्कर्ते यांचे उत्पन्न मिळवले तर तो आणखी घसरेल.

नियामक मंडळ याच उत्पन्नातून देशांतर्गत क्रिकेट चालवते, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील मालकांवर तशी राष्ट्रीय जबाबदारी नाही. परंतु वाटा किती असावा हे ठरवताना खेळाडूंचे म्हणणे मांडणारे कोण आहे? २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांसाठी आहे. खेळत असलेल्यांसाठी नाही. पुरुष खेळाडूला निवृत्त झाल्याशिवाय परदेशातील वीस षटकांच्या स्पर्धांत भाग घेता येत नाही. लिलावात निवड झाल्यावर हंगामापूर्वी माघार घेणाऱ्यास दोन हंगामांची बंदी आहे. ज्या बाजारात ग्राहक एकच, तेथे विक्रेत्याची स्थिती काय होते हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको.

पंतसारख्याला याची झळ बसत नाही. ती बसते रणजी करंडकाच्या फलंदाजाला. २०२१ मध्ये ठरलेल्या दरानुसार चाळीसहून अधिक सामन्यांचा अनुभव असलेल्या अशा खेळाडूला दिवसाला ६० हजार, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे २ लाख ४० हजार रुपये मिळतात. २७ कोटी मिळवायला त्याला १,१२५ सामने खेळावे लागतील. इतके आयुष्य कोणत्याही गुडघ्याला नसते. तीच गोष्ट महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या कबड्डीची. प्रो कबड्डीत २०२३ मध्ये पवन सेहरावतला मिळालेले २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये तोवरचा उच्चांक होते. तेव्हा एका संघाची लिलावातील संपूर्ण खर्चमर्यादाच पाच कोटी होती. चढाईपटूचा दम फलंदाजाच्या दमापेक्षा उणा नसतो. उणे असते ते प्रक्षेपणाचे उत्पन्न.

मग शिक्षककक्षातील मूळ प्रश्नाचे काय? शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये त्याचे उत्तर दिले आहे. शिक्षक एका वेळी साठ मुलांना शिकवतो, तर पंतचा फटका एकाच क्षणी कोट्यवधी लोक पाहतात. उत्पन्नातील हा फरक पोहोचेचा आहे, योग्यतेचा नव्हे. म्हणून २७ कोटींच्या आकड्याने शिक्षकाने स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही, आणि खेळाडूवर रागावण्याचेही नाही. विचारायचाच असेल तर प्रश्न वेगळा आहे : जे उत्पन्न सर्वांच्या खेळातून निर्माण होते, त्याच्या वाटपात तळाच्या खेळाडूला तोंड आहे की नाही? ते नसेल तर ‘बळी तो कान पिळी’ हाच न्याय चालतो. लिलावाच्या दिवशी दिवे ताऱ्यांवर असतात, आणि ज्यांची नावे पुकारलीच जात नाहीत ते अंधारात आपापल्या गावच्या गाड्या पकडतात.