डोळ्यांवरची जत्रा

कारवारहून जोयड्याकडे निघालेली बस कद्रा मागे टाकून अणशी घाट चढू लागली की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. कुणी खिडकीची जागा मागून घेतं, कुणी लिंबू नाकाशी धरतं, आईच्या मांडीवरचं पोर एकाएकी गप्प होतं. गाडी लागणं म्हणजे काय, हे जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्डेसारख्या रानातल्या गावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगत असतं की अंग डावी-उजवीकडे झुलतंय. समोरच्या बाकाच्या पाठीवर खिळलेले डोळे म्हणतात, सगळं जागच्या जागी आहे. मेंदूला या दोन साक्षींचा मेळ घालता येत नाही आणि पोट ढवळतं.

व्हर्च्युअल रिॲलिटीच्या, म्हणजे व्हीआरच्या खेळांमध्ये याच साक्षी उलटतात. डोळ्यांवर बांधलेल्या हेडसेटमध्ये दोन भिंगं असतात आणि त्यांच्यामागे प्रत्येक डोळ्यासाठी किंचित वेगळं चित्र. त्यातून खोली दिसते, अंतर दिसतं. मान वळवली की चित्रही वळतं. डोळ्यांना वाटतं, आपण कड्यावरून उडी घेतली. कान म्हणतो, पाय तर जमिनीवरच आहेत. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त वेळ गेला, तरी अंगाला ते खटकू लागतं.

इतका नाजूक मेळ साधायला अर्धशतक लागलं. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा पहिला पडदा दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. १९९५ मध्ये निन्टेंडोने ‘व्हर्च्युअल बॉय’ बाजारात आणला. लाल-काळ्या चित्रांचा तो खेळ वर्षभरात गुंडाळावा लागला. २०१२ मध्ये ऑक्युलसने लोकांकडून पैसे गोळा करून नव्याने सुरुवात केली आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हापासून जवळपास दर वर्षी कुणीतरी सांगत आलं की यंदा व्हीआर घराघरांत पोहोचणार.

पोहोचलं किती? सोनीचा पहिला प्लेस्टेशन व्हीआर ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने ५० लाख हेडसेट विकल्याचं जाहीर केलं, त्याच सुमारास प्लेस्टेशन ४ची विक्री १० कोटींच्या पुढे गेली होती. म्हणजे खेळाचं यंत्र आधीच घरात असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाने डोक्यावरचा डबा विकत घेतला. मेटाने, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकने, या कामासाठी चालवलेल्या रिॲलिटी लॅब्ज विभागाला एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. ॲपलने त्याच वर्षी ‘व्हिजन प्रो’ ३,४९९ डॉलरला विकायला काढला. तो तर मुळात खेळासाठी नव्हताच.

मळमळ हे एकच कारण असतं तर गोष्ट मिटली असती, कारण तिच्यावर उपाय सापडले आहेत. एका झेक कंपनीच्या ‘बीट सेबर’ या खेळात खेळणारा जागचा हलत नाही. गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे त्याच्याकडे येतात आणि हातातल्या प्रकाशाच्या तलवारींनी ते कापायचे. डोळे आणि कान यांचं भांडणच होत नाही. ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ हा २०२० चा खेळ पाहिलेला कुणीही व्हीआरला पोरखेळ म्हणणार नाही. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीने ‘आयबी क्रिकेट’ काढला. त्यात हातात बॅट धरून गोलंदाजाला सामोरं जायचं असतं. खेळ चांगले आहेत. तरीही ते हेडसेटवाल्यांपुरतेच राहतात.

खरी अडचण एकटेपणाची आहे, आणि ती सव्वाशे वर्षांपूर्वीच एकदा सुटली होती. १८९४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कायनेटोस्कोपचं दुकान उघडलं. लाकडी पेटीच्या झरोक्याला डोळा लावायचा आणि हलती चित्रं एकट्याने पाहायची. पाच पेट्यांच्या एका रांगेला २५ सेंट. लोक आले, चकित झाले. पण पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तशीच हलती चित्रं भिंतीवर पाडली, आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून ती दाखवली गेली. पेटी मागे पडली, पडदा जिंकला. चित्र तसंच होतं, फक्त आता शेजारी कुणीतरी बसलेलं होतं.

मराठी मुलखाला तर हे आधीच ठाऊक होतं. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा, सोबत निवेदन आणि संगीत. गर्दी पुराणातल्या कथेसाठी जमायची, तशीच ती पाहताना एकमेकांच्या तोंडून उमटणाऱ्या ‘अरे!’साठीही.

व्हीआर आपल्याला पुन्हा एडिसनच्या पेटीकडे नेतो. हेडसेट घातलेला माणूस हसतो, दचकतो, हवेत हात मारतो, आणि खोलीतल्या बाकीच्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. आपल्याकडे कॅरम चार जण खेळतात आणि आठ जण बघतात. मोबाइलवरचा पब्जी इतका पसरला तो फोन खिशात आणि नेट स्वस्त होतं म्हणून, हे खरंच. पण पारावर बसलेल्या चार पोरांना एकमेकांना हाका मारत तो खेळता येत होता, म्हणूनही. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली तेव्हा पोरांचा खेळ गेला, तशी ती बैठकही गेली.

मग किमतीचा प्रश्न येतो. जिओने २०२३ च्या आयपीएलच्या वेळी १,२९९ रुपयांचा ‘जिओडाइव्ह’ काढला. फोन त्या खोक्यात सरकवायचा आणि स्टेडियममध्ये बसल्यासारखी मॅच पाहायची. पैशाने तो कुणालाही परवडला असता. पण मॅच एकट्याने, डोळे झाकून पाहायची कुणाला हौस? शेजारच्याच्या पाठीवर थाप मारता येत नसेल तर षटकाराची मजा काय! या खोक्यातून जेवढं शिकता येईल तेवढं महागड्या हेडसेटच्या आकड्यांतूनही शिकता येणार नाही.

नंदिगड्ड्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणलं तर आणखी गोष्टी दिसतात. संगणकाविना चालणाऱ्या हेडसेटला साधारण दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद मोकळी जागा लागते. मुंबईच्या वन-रूममध्ये ती मिळत नाही, इथे सारवलेलं अंगण हवं तेवढं आहे. पण अंगणात खेळता येत नाही. भिंगावर ऊन पडलं की ते एकवटून आतला पडदा जाळतं, लहानपणी भिंगाने कागद जाळतात तसं. संध्याकाळी अंधारलं की हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांना आजूबाजूचं नीट दिसत नाही. उरतं माजघर, आणि माजघरात वाळत घातलेल्या सुपाऱ्या. अर्धा किलोचं वजन नाकावर दोन तास पेललं की बॅटरी संपते. एकेक खेळ उतरवून घ्यायला अनेक जीबी लागतात, आणि जोयडा तालुक्यात अजून कित्येक वाड्यांवर साध्या फोनची रेंज शोधायला टेकडी चढावी लागते.

म्हणून मोबाइलसारखा व्हीआर घरोघरी जाईल, ही आशा सोडून द्यावी. तो जाईल जत्रेत. याच तालुक्यातल्या उळवीला माघात चन्नबसवेश्वराची जत्रा भरते, लांबलांबून बैलगाड्या येतात. जत्रेतला आकाशपाळणा कुणी घरी घेऊन जात नाही. पाच मिनिटांचे पैसे देतात, किंचाळतात, उतरतात आणि खाली उभ्या असलेल्यांना सांगतात. शहरांतल्या मॉलमध्ये व्हीआर आजच असा चालतो, तिकीट काढून, पाळी लावून. एसटीडी बूथने फोन आणि सायबर कॅफेने इंटरनेट असाच आधी सर्वांचा केला. हेडसेटलाही हाच रस्ता मानाचा आहे, त्यात त्याची हार नाही.

हेडसेटमध्ये एक सोय अशी आहे की तिच्याकडे खेळ बनवणाऱ्यांनी फार लक्ष द्यायला हवं. हेडसेटच्या आत दिसणारं चित्र बाहेर टीव्हीवरही दाखवता येतं. झरोक्याची पेटी आणि भिंतीवरचा पडदा तिथे एकत्र येतात.

ही सोय इथे कशी वापरता येईल? जोयडा तालुक्याचं जुनं नाव सूपा. काळी नदीवर धरण झालं आणि सूपा गाव त्याच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. तिथला बाजार, देवळं, नदीकडे उतरणारी वाट आता म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच उरली आहे. त्यांना विचारून, जुने फोटो जमवून ते गाव व्हीआरमध्ये उभं करणं आजच्या साधनांनी अशक्य नाही. शाळेच्या एका खोलीत एक हेडसेट, एक टीव्ही. सूप्यात वाढलेली एखादी आजी खुर्चीत बसून मान वळवेल, कोकणीत म्हणेल, ‘हांगा न्हय, त्या वळणार आमचें घर.’ आणि टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेली नातवंडं एकदम ओरडतील, ‘आजी, मागे वळ, मागे! दार तिकडे आहे!’