सुवर्णचेंडूचे मानकरी

सामना कोणी जिंकला, हे मैदानावर ठरते. सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हे मात्र मतपत्रिकेवर ठरते. म्हणून फुटबॉलच्या जागतिक पारितोषिकांचा इतिहास जितका खेळाडूंचा, तितकाच मतदानाच्या नियमांचाही आहे.

हा इतिहास १९५६ साली सुरू होतो. 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच नियतकालिकाने गाब्रिएल आनो यांच्या कल्पनेवरून 'बॅलन डी'ओर', म्हणजे सुवर्णचेंडू, देण्याची प्रथा आरंभिली. सोळा देशांच्या पत्रकारांनी मते दिली आणि इंग्लंडचे स्टॅन्ली मॅथ्यूज ४७ गुणांनी पहिले मानकरी ठरले. त्यांचे वय तेव्हा ४१ वर्षांचे होते.

त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळविले. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारा डिसूझा हा पहिला आशियाई खेळाडू होय. तथापि सुवर्णचेंडूसाठी त्याचा विचार होणे शक्यच नव्हते. तो मान केवळ युरोपीय खेळाडूंसाठी राखलेला होता. अर्जेंटिनात जन्मलेल्या डी स्टेफानोंना स्पेनचे नागरिकत्व घेतल्यामुळे तो दोनदा लाभला. ब्राझीलच्या पेलेंना ऐन उमेदीच्या काळात एकदाही लाभला नाही.

हे कुंपण हळूहळू दूर झाले. १९९५ साली युरोपातील संघांकडून खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूस पात्र ठरविण्यात आले आणि लायबेरियाचे जॉर्ज वेआ मानकरी झाले. २००७ पासून सर्व जगास दार खुले झाले. दरम्यान १९९१ साली 'फिफा' या जागतिक संघटनेने आपले स्वतंत्र पारितोषिक सुरू केले. २०१० ते २०१५ ही दोन्ही पारितोषिके एकत्र होती. पुढे ती पुन्हा विभक्त झाली. स्त्री खेळाडूंना 'फिफा'ने २००१ पासून गौरविले; स्त्रियांचा सुवर्णचेंडू मात्र २०१८ साली आला.

मत देण्याचा अधिकार कोणास, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. 'फिफा'च्या पारितोषिकासाठी राष्ट्रीय संघांचे कर्णधार व प्रशिक्षक मत देतात. त्यामुळे भारताच्या कर्णधाराचेही मत त्यात असते. पुरुषांच्या सुवर्णचेंडूसाठी मात्र २०२२ पासून जागतिक क्रमवारीतील पहिल्या १०० देशांचेच पत्रकार मत देतात. भारताचा क्रमांक शंभराच्या खाली उतरला, की भारतीय पत्रकाराचे मत उरत नाही.

या अंतराचे एक बोलके उदाहरण मुंबईच्या उपनगरातच घडले. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात आंतरखंडीय चषकाचे सामने झाले. पहिल्या सामन्यास जेमतेम अडीच हजार प्रेक्षक आले, तेव्हा कर्णधार सुनील छेत्रीने लोकांना मैदानावर येण्याची कळकळीची विनंती केली. पुढील सामन्याची सर्व तिकिटे खपली. १० जूनच्या अंतिम सामन्यात छेत्रीने केनियाविरुद्ध दोन गोल केले आणि त्याचे आंतरराष्ट्रीय गोल ६४ झाले. अर्जेंटिनाच्या लिओनेल मेस्सीचेही त्या दिवशी तितकेच होते. मेस्सीच्या घरी तेव्हा पाच सुवर्णचेंडू होते. प्रतिस्पर्ध्यांची तोलामोलाची तुलना केली, तर हा भेद अन्याय्य म्हणता येत नाही. परंतु आकडा समान असूनही मतदारांची दृष्टी अंधेरीपर्यंत पोहोचत नव्हती, हेही खरे.

नेव्हिल डिसूझास १९६१ साली सुरू झालेला अर्जुन पुरस्कारही मिळाला नाही. १९८० साली त्याचे निधन झाले. तथापि मेलबर्नच्या गोलतक्त्यात सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत त्याचे नाव आहे. त्या तक्त्यासाठी कोणासही मत द्यावे लागले नव्हते.