पंप जोरदार, पण पेट्रोल वाहतंय!



ऊस विकास खात्याच्या माणसाने मोटारीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गट ऑफिसात लागणीची नोंद द्यायला येणारे सभासद खताइतकेच गाडीबद्दलही विचारतात. आमच्याकडेही एक जुनी पद्मिनी आहे. तिने शिकवलेला धडा इथे सांगतो.

तिचा इंजिनावर चालणारा पेट्रोल पंप थकला होता. मेस्त्री म्हणाला, "साहेब, इंजेक्शनच्या गाडीचा विजेवरचा पंप टाकू, कटकटच मिटेल." टाकला. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. बॉनेट उघडले तर कार्बोरेटरवरून पेट्रोल ओघळतंय, प्लग काळे आणि ओले!

असे का झाले? जनावरांच्या हौदाला फ्लोटचा नळ असतो. हौद भरला की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो. पण पाणी फार जोराने आले तर बिचारा फ्लोट ते अडवू शकत नाही, हौद भरून वाहू लागतो. कार्बोरेटरमध्येही फ्लोट आणि सुईचा व्हॉल्व्ह असतो. जुना पंप साधारण 2 ते 4 पौंड दाब देतो. इंजेक्शनचा पंप 40 पौंडांच्याही वर! तिथे सुई काय टिकणार?

दुरुस्ती करताना पुढील क्रम ठेवावा :

1. आधी गेज लावून दाब मोजावा. नुसत्या अंदाजाने कार्बोरेटर खोलू नये.

2. पंप इंजेक्शनचा असेल तर सरळ काढून टाकावा. कार्बोरेटरच्या गाडीसाठी कमी दाबाचा विजेवरचा पंप मिळतो. त्याचा दाबही 4 ते 7 पौंड असू शकतो, म्हणून पुढे रेग्युलेटर बसवून तो 3 पौंडांच्या आसपास आणावा.

3. दाब बरोबर असूनही पेट्रोल वाहत असेल, तर सुई व तिची बैठक पाहावी. जुन्या टाकीतला गंज तिथे अडकतो. फिल्टर बदलावा, झिजलेली सुई बैठकीसह नवी घालावी.

4. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका समजावा. फ्लोटची उंची कार्बोरेटरच्या माहितीपुस्तकाप्रमाणे ठेवावी.

5. ऑईलची कांडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी चढलेली दिसली, तर ऑईल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. पातळ ऑईलने बेअरिंगे जातात.

आणखी एक. विजेवरचा पंप इंजिन बंद पडले तरी चालूच राहू शकतो. अपघातात पाईप तुटला तर पेट्रोल सांडतच राहील. म्हणून इंजिन थांबताच पंप थांबेल अशी वायरिंग करून घ्यावी. जुने रबरी पाईपही बदलावेत.

पेट्रोल गळत असताना वारंवार स्टार्टर मारू नये, जवळ विडी-काडी नको. गाडी पाचटाजवळ तर मुळीच उभी करू नये. एका ठिणगीत गाडी जाईल आणि शेजारचा फडही जाईल.

आमची पद्मिनी आता लहान पंपावर मजेत धावते. उसाला जास्त पाणी म्हणजे जास्त उतारा नव्हे, हे आम्ही तुम्हांला नेहमी सांगतो. गाडीलाही तेच लागू आहे, हे आम्हांला मात्र खर्च करून कळले!