डॉक्टरविरुद्ध तक्रार : आधी कागद, मग सुनावणी

गावात इलाज जमला नाही की आपण पेशंट घेऊन मुंबई गाठतो. परळ-भोईवाड्याच्या केईएम, टाटा, वाडिया रुग्णालयांच्या दारात गावाकडची माणसे हमखास दिसतात. त्याच भागापासून जवळ, चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावर आणखी एक कार्यालय आहे, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषद, अर्थात मेडिकल कौन्सिल. इलाज गावात झालेला असो की शहरात, ॲलोपॅथी डॉक्टरने हयगय केली असे वाटले तर तक्रार इथे करता येते.

बोगस बियाण्याचे उदाहरण घ्या. कृषी खाते दुकानदाराचा परवाना निलंबित करते. भरपाईसाठी मात्र ग्राहक आयोगाकडे जावे लागते. इथेही तसेच आहे. परिषद पैसे मिळवून देत नाही, तुरुंगातही टाकत नाही. डॉक्टरचे नाव नोंदवहीत ठेवायचे की काढायचे, एवढेच ती ठरवते. पण नाव गेले की प्रॅक्टिस बंद!

तक्रार लेखी व सहीनिशी द्यावी. परिषद डॉक्टरकडून खुलासा मागवते. सुनावणीत दोन्ही बाजूंना स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडता येते. दोष सिद्ध झाल्यास ताकीद मिळते, किंवा नाव ठरावीक मुदतीसाठी वा कायमचे कमी होते. नियमाप्रमाणे निकाल सहा महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त वेळ जातो, तेव्हा धीर धरावा.

प्रत्येक दाराचा न्याय वेगळा असतो. मुंबईचे नामांकित कर्करोग शल्यविशारद डॉ. पी. बी. देसाई यांच्याविरुद्ध 1987 मधील एका शस्त्रक्रियेवरून रुग्णाच्या पतीने तक्रार केली. परिषदेने त्यांना दोषी धरून ताकीद दिली. फौजदारी खटल्यात खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, पण 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. कर्तव्यात कसूर झाली म्हणून दरवेळी फौजदारी गुन्हा होत नाही, हा त्याचा अर्थ.

आता महत्त्वाचे. बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती आपण जपतो, तशीच चिठ्ठी, रिपोर्ट, बिल आणि डिस्चार्ज कार्ड जपा. 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत केसपेपरची नक्कल द्यावी लागते. दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे ठेवण्याचे बंधन आहे. म्हणून अर्ज लवकर करा आणि त्याची पोच घ्या. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे; तो आधी पाहा.

आयुर्वेद, होमिओपॅथी व दंतवैद्यकाच्या परिषदा वेगळ्या आहेत. जनावरांच्या डॉक्टरांसाठी नागपूरला राज्य पशुवैद्यक परिषद आहे. बोगस डॉक्टरचे नाव मात्र कुठल्याच नोंदवहीत नसते, त्याची तक्रार थेट तालुका आरोग्य अधिकारी व पोलिसांकडे करावी.

सरपंच व ग्रामसेवकांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. रागाच्या भरात दवाखाना फोडून काहीच हाती लागत नाही, उलट आपल्यावरच केस होते. नीट लावलेली कागदांची फाईल मात्र सुनावणीत आपली बाजू बोलते.