संपादकाचा हात मोजता येतो का?

कादंबरीच्या मुखपृष्ठावर एकच नाव असतं. आतल्या पानावर मुद्रक सापडतो, मुखपृष्ठकार सापडतो, कधी मुद्रितशोधकही सापडतो. पण ‘तुमचं तिसरं प्रकरण पहिलं करून बघा’ असं ज्याने सुचवलं, तो माणूस बहुतेक वेळा कुठेच दिसत नाही. फार तर मनोगताच्या शेवटी एका ओळीत त्याचे आभार मानलेले असतात.

माझं संशोधन मजकुराच्या संख्याशास्त्राचं आहे. दोन मजकूर एकमेकांच्या किती जवळचे आहेत, ते एकाच हातचे असू शकतात का, हे शब्द मोजून तपासायचं. त्यामुळे एक प्रश्न मला हमखास येतो: एखाद्या कादंबरीत लेखक किती आणि संपादक किती, हे तुमचा कम्प्युटर सांगेल का? छोटं उत्तर असं की थोडंफार सांगेल. पण त्याला जे सांगता येत नाही, तेच जास्त मोलाचं आहे. ते का, हे आज बघू.

मोजायचं कसं?

हत्यारं मुख्यतः दोन.

पहिलं म्हणजे पाठांची तुलना. लेखकाचा कच्चा खर्डा आणि छापील पुस्तक शेजारी ठेवायचं आणि काय गेलं, काय आलं, काय हललं ते नोंदवायचं. एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती अक्षरचिन्हं बदलावी लागतात, याचं एक माप व्लादिमिर लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलं. मोबाइलमधला स्पेलिंग सुधारणारा प्रोग्रॅमही अशाच मापावर चालतो.

दुसरं हत्यार शैलीमापनाचं. ‘पण’, ‘तर’, ‘आणि’, ‘मग’ असे बारके शब्द आपण नकळत वापरतो आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. जॉन बरोज यांनी २००२ साली या प्रमाणांवरून दोन मजकुरांमधलं अंतर काढायची ‘डेल्टा’ नावाची पद्धत मांडली. खर्डा हाताशी नसला तरी ती वापरता येते, म्हणून ती लोकप्रिय झाली.

एक गाजलेली चाचणी

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेने १९५७ साली एक हस्तलिखित प्रकाशकाकडे दिलं. त्यात मोठी झालेली नायिका गावी परत येते. टे होहॉफ या संपादिकेने तिला नायिकेच्या लहानपणाकडे वळवलं. दोन वर्षांहून जास्त काळ लेखन, पुनर्लेखन चाललं आणि १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आली. जुनं हस्तलिखित २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने छापलं गेलं, आणि एकाच कादंबरीचं ‘आधी’ आणि ‘नंतर’ अचानक सगळ्यांच्या हाती पडलं.

मासिय एडर आणि यान रिबिकी या पोलिश अभ्यासकांनी दोन्ही पुस्तकांवर शैलीमापन चालवलं. निष्कर्ष: दोन्ही पुस्तकं लीचीच. ‘मॉकिंगबर्ड’ खरं तर तिच्या मित्राने, ट्रुमन कपोटीने लिहिली, ही जुनी कुजबूज त्यामुळे फोल ठरली.

आता गंमत बघा. ज्या बाईमुळे पुस्तकाचा काळ बदलला, निवेदन बदललं, जवळजवळ सगळं कथानक बदललं, तिचा वाटा या मापात ठळक दिसतच नाही. कारण तिने वाक्यं लिहिलीच नव्हती. तिने प्रश्न विचारले, आणि वाक्यं लीने लिहिली.

शिरपामाळावर एक प्रयोग

मी जव्हारकडची, म्हणून उदाहरण घरचंच घेते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला. त्या स्वारीवर जाताना त्यांचा मुक्काम आमच्या शिरपामाळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत करून जिरेटोपात मानाचा शिरपेच खोवला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं आमच्याकडे सांगतात.

समजा, कुणी यावर कादंबरी लिहायला घेतली. पहिलं वाक्य असं: ‘राजांनी शिरपेच खोवला तेव्हा माळावरचा वारा पडला होता.’

एक संपादक ‘खोवला’ खोडून ‘बसवला’ करेल. लेव्हनश्टाइनचं माप ते लगेच पकडेल.

दुसरा संपादक शब्दाला हात लावणार नाही. तो पेन्सिलने समासात लिहील: ‘हे कोण बघतंय? राजाचा कारकून, की मुक्कामाला लाकूडफाटा पुरवायला आणलेला वारली?’ लेखक आठ दिवस अस्वस्थ होईल आणि अख्खं प्रकरण नव्याने लिहील. कम्प्युटरला हे नवं प्रकरण दाखवा. तो म्हणेल, शंभर टक्के लेखकाचं. आणि ते खरंच आहे! पण तो एक प्रश्न आला नसता तर ते प्रकरण जन्मालाच आलं नसतं.

‘हे पुस्तक कुणाचं?’

हा प्रश्न नुसता अभ्यासकांचा नाही, त्याने नाती तुटली आहेत. न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्स प्रकाशनातले मॅक्सवेल पर्किन्स यांनी थॉमस वुल्फची पहिली कादंबरी बरीच कापून १९२९ मध्ये ‘लुक होमवर्ड, एंजल’ या नावाने काढली. (न कापलेला मजकूर २००० साली ‘ओ लॉस्ट’ म्हणून आला.) वुल्फने पुढची कादंबरी पर्किन्सना अर्पण केली. मग १९३६ मध्ये बर्नार्ड डीव्होटो या समीक्षकाने जाहीर टीका केली की संपादकाशिवाय वुल्फला पुस्तक उभं करता येत नाही. पुढच्याच वर्षी वुल्फने प्रकाशक बदलला आणि १९३८ मध्ये तो वारला. तरीही त्याच्या साहित्याची जबाबदारी मृत्युपत्राप्रमाणे पर्किन्सकडेच आली.

याच पर्किन्सनी मार्जोरी किनन रॉलिंग्ज हिला फ्लोरिडाच्या रानातल्या एका मुलाची गोष्ट लिही म्हणून सुचवलं होतं. त्यातून ‘द इयरलिंग’ झाली आणि १९३९ चं पुलित्झर तिला मिळालं. मराठीत ही कादंबरी ‘पाडस’ म्हणून आपण वाचतो. अनुवादक राम पटवर्धन. म्हणजे ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक! एका संपादकाच्या सूचनेतून उगवलेली कादंबरी मराठीत दुसऱ्या संपादकाच्या हातून आली.

आपल्याकडचं चित्र

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी गिरगावातल्या खटाववाडीतून ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ चालवली. लेखकाशी तासन्‌तास चर्चा, लांबलचक पत्रं, सूचनांसह परत गेलेली हस्तलिखितं, ही तिथली रोजची रीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली मौजेचीच. आमच्या शेजारच्या डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या लढ्याची गोष्ट सांगणारं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हेही मौजेने १९७० मध्ये काढलं. ते आत्मकथन, कादंबरी नव्हे. पण आमच्या भागातली माणसं खटाववाडीतल्या टेबलावर पोचली ती अशी.

दुसरी तऱ्हा पुण्याच्या रा. ज. देशमुखांची. त्यांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांच्या मागे लागून कादंबरी लिहून घेतली. सांगवीला काही दिवसांतच ‘कोसला’ लिहून झाली आणि १९६३ मध्ये छापूनही आली. इथे संपादनाचा मुख्य भाग म्हणजे ‘लिही’ हा आग्रह. तो मोजायचा कसा?

आणि तिसरी बाजूही आहे. सगळ्यांना एकाच साच्यात घासूनपुसून काढतात, अशी तक्रार तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’बद्दल केली. साठच्या दशकाच्या शेवटी लघुअनियतकालिकवाल्यांनी अंकाची होळी केली, राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली. ती तक्रार कितपत खरी होती, हे ठरवायला खर्डे आणि पत्रं शेजारी ठेवावी लागतील. नुसतं छापील पान बघून दोन्ही बाजूंना काहीही म्हणता येतं.

मराठीची खास अडचण

इंग्रजीसाठी बनलेली मापं मराठीवर जशीच्या तशी चालत नाहीत. इंग्रजीत जे बारके शब्द सुटे असतात, ते आपल्याकडे प्रत्यय होऊन चिकटतात: ‘घरात’, ‘घरातला’, ‘घरातल्यांनी’. त्यात १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले, १९७२ मध्ये त्यात भर पडली, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यामुळे एकाच कादंबरीची जुनी आणि नवी आवृत्ती कम्प्युटरला दोन लेखकांची वाटू शकते.

आता हे बघा. ‘घरांत’चं ‘घरात’ केलं तर अंतर १. ‘नागली’चं ‘नाचणी’ केलं तर अंतर २. पहिल्या बदलात अर्थ तसूभर हलत नाही. दुसऱ्या बदलात मात्र जव्हार-मोखाड्याचं शेत पुसलं जातं. माप दोन्हींना जवळपास सारखंच समजतं.

आणखी एक उदाहरण. आमच्याकडे दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात, त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. उद्या इथल्या एखाद्या पोराने कादंबरीत लिहिलं, ‘दिवाळी झाली आणि आम्ही जगायला गेलो.’ एक संपादक त्याचं ‘दिवाळीनंतर आम्ही रोजगारासाठी स्थलांतर केले’ असं करून देईल. व्याकरण शुद्ध, वाक्य मेलेलं. दुसरा संपादक वाक्य तसंच ठेवून विचारेल, ‘बयाणा कुणी घेतला होता? घरी म्हातारी एकटी राहिली का?’ पहिल्याने केलेला बदल मोजता येतो. दुसऱ्याने केलेला बदल पुढच्या दहा पानांत असतो, आणि तिथे सगळे शब्द लेखकाचेच असतात.

म्हणून संपादक चांगला की वाईट, हे किती बदललं यावरून ठरत नाही. बदलल्यानंतर लेखकाची भाषा जास्त त्याची झाली की कमी, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला तीन गोष्टी लागतात: खर्डा, समासातले शेरे आणि छापील प्रत. यातली एक जरी गेली तरी उरतो तो अंदाज.

आणि या गोष्टी आज पूर्वीपेक्षा लवकर जातात. पेन्सिलचा शेरा कागदावर पन्नास वर्षं टिकायचा. आता संपादक फाइलमध्ये दुरुस्त्या करतो, लेखक ‘सगळे बदल स्वीकारा’ दाबतो, आणि कोण कुठे काय म्हणालं ते एका क्लिकमध्ये संपतं. उरलेली चर्चा फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी निरोपांत असते. मोबाइल बदलला की तीही गेली.

तुम्ही लिहीत असाल, विशेषतः तुमच्या बोलीत लिहीत असाल, तर प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा ठेवा. बदल स्वीकारायच्या आधी शेऱ्यांसकट फाइलची एक प्रत काढून ठेवा. संपादकाशी वाद झाला असेल तर तोही दोन ओळींत लिहून ठेवा. आणि ‘नागली’ची ‘नाचणी’ झालेली दिसली, तर ती का केली, हे बिनदिक्कत विचारा. चांगल्या संपादकाला तो प्रश्न आवडतो.