मोठ्या माणसांचे ठोकळे

डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पात बिलुंड नावाचे एक लहानसे गाव आहे. २०१७ सालच्या सप्टेंबर महिन्यात तेथे ‘लेगो हाउस’ नावाची वास्तू लोकांना खुली झाली. प्रचंड पांढरे ठोकळे एकावर एक रचून ठेवावेत तशी ती बाहेरून दिसते. आत मुलांसाठी रंगीबेरंगी दालने आहेत. परंतु माथ्याच्या दालनात पाऊल टाकले की देखावा पालटतो. तेथे मांडलेले राजवाडे, यंत्रे आणि प्राणी ही कारखान्यातील पगारी कारागिरांची कामे नव्हेत. देशोदेशीच्या हौशी माणसांनी नोकरीधंदा सांभाळून, आपापल्या घरी बसून ती रचलेली असतात. आणि ही माणसे मुले नव्हेत, चांगली पोक्त गृहस्थ मंडळी होत.

पोक्त माणसाने खेळण्यातील ठोकळे जमवावेत, ते काचेच्या कपाटात मांडावेत, प्रसंगी त्यांच्यासाठी घरातील एखादी खोली अडवावी, हे प्रथमदर्शनी पुष्कळांना बालिश वाटते. तिकिटे किंवा जुनी नाणी जमविणाऱ्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. फ्रँक हॉर्न्बी याने १९०१ साली इंग्लंडात ज्या खेळण्याचे पेटंट घेतले व जे पुढे मेकॅनो या नावाने प्रसिद्धीस आले, त्यात रमणाऱ्या वडील मंडळींचेही कौतुकच झाले. कारण त्यात पोलाद होते, नटबोल्ट होते, म्हणजे ते ‘यंत्रशास्त्र’ होते! प्लास्टिकच्या रंगीत ठोकळ्याला तशी प्रतिष्ठा मिळावयास बराच काळ जावा लागला.

त्याचा इतिहास थोडक्यात असा. ओले कीर्क क्रिस्टियान्सेन हा बिलुंडचा सुतार. जागतिक मंदीत घरबांधणीची कामे आटली, तेव्हा १९३२ साली त्याने लाकडी खेळणी करावयास घेतली. दोन वर्षांनी त्याने ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘लेगो’ हे नाव बनविले. महायुद्धानंतर प्लास्टिक ओतण्याचे यंत्र आले आणि १९४९ साली खुंट्यांचे पहिले ठोकळे बाहेर पडले. ही कल्पना मात्र मुळात त्याची नव्हे. हिलरी पेज या इंग्रज गृहस्थाने तसे ठोकळे आधीच बाजारात आणलेले होते व बिलुंडच्या कारखान्याने त्यांचाच कित्ता गिरविला, हे सांगणे न्यायाचे होय. पण हे ठोकळे आतून पोकळ असल्यामुळे परस्परांना घट्ट धरीत नसत. रचलेले घर उचलावे तो त्याचे खिळखिळे व्हावे. ही उणीव ओले कीर्कचा मुलगा गॉटफ्रेड याच्या वेळी दूर झाली. ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या बसविण्याची युक्ती निघाली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी, दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी, कोपनहेगनमध्ये पेटंटासाठी अर्ज दाखल झाला. त्याच वर्षी म्हाताऱ्या सुताराचे निधन झाले. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या वखारीला आग लागली आणि लाकडाचा धंदा कायमचा बंद करण्यात आला.

त्या नळीत एवढे काय आहे? खालच्या ठोकळ्याच्या माथ्यावरील बुटक्या खुंट्या वरच्या ठोकळ्याची भिंत आणि नळी यांच्या मधल्या फटीत चेपून बसतात. फट खुंटीपेक्षा केसभर अपुरी असते. त्यामुळे प्लास्टिक किंचित ताणले जाते, आणि त्या ताणाने व घर्षणाने दोन्ही ठोकळे एकमेकांस धरून राहतात. तरीही लहान मुलाच्या बोटांनी ते सुटतात. ही कसरत साधावयाची तर मापात तिळमात्र फरक चालत नाही. प्रारंभीचे ठोकळे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असत व कालांतराने ते वाकत. १९६३ पासून ए.बी.एस. नावाचे अधिक टणक प्लास्टिक वापरात आले. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बिनचूक बसतो, ही गोष्ट संग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. आजोबांच्या पेटीतील ठोकळा नातवाच्या किल्ल्यात लागू शकेल, अशी हमी फारच थोड्या वस्तू देतात.

प्रौढ माणसाला जे भुलविते ते मात्र याहून सूक्ष्म आहे. ठोकळ्यावरील दोन खुंट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, खुंटी सोडून, ९.६ मिलिमीटर. याशिवाय एक पातळ ठोकळा असतो, त्यास प्लेट म्हणतात. त्याची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एकतृतीयांश. आता पाच प्लेटी एकावर एक रचल्या की उंची होते १६ मिलिमीटर, आणि दोन खुंट्यांची रुंदीही तितकीच. याचा अर्थ असा की बांधकाम आडवे वळविले, ठोकळे कुशीवर निजविले, तरी त्यांचे माप उभ्या बांधकामाशी तंतोतंत जुळते. मुले सहसा खालून वर रचतात. मुरलेला छांदिष्ट चहूबाजूंनी रचतो आणि खुंट्या दिसू न देता गुळगुळीत भिंत, कमान, जहाजाचे पोट असे आकार साधतो. यात गवंड्याचे कसब आणि हिशेबनिसाची चिकाटी दोन्ही लागतात. दोन ओळींत चार-चार अशा आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते किती प्रकारांनी जोडता येतील, याचे गणित कोपनहेगन विद्यापीठातील सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने केले. उत्तर आले ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५!

छांदिष्टांच्या बोलीत एक मौजेचा शब्द आहे. बालपणीचे ठोकळे बाजूला पडतात. पुढे शिक्षण, नोकरी, संसार यांत दहावीस वर्षे जातात आणि मग कधीतरी, बहुधा स्वतःच्या मुलांसाठी खेळणे घेताना, जुनी ओढ परत येते. या मधल्या काळाला पाश्चात्त्य मंडळी ‘अंधारयुग’ म्हणतात. मराठीत त्याला ‘अज्ञातवास’ हे नाव अधिक शोभेल, कारण शस्त्रे शमीवर ठेवलेली असतात, टाकून दिलेली नसतात. १९९० नंतरच्या दशकात इंटरनेट आले आणि आपणच एकटे वेडे नाही, हे या विखुरलेल्या लोकांना कळले. २००० साली सुट्या ठोकळ्यांची ‘ब्रिकलिंक’ नावाची बाजारपेठ संगणकावर सुरू झाली. एकाच रंगाचे, एकाच उताराचे तीनशे कौलाचे ठोकळे हवे असतील, तर पूर्वी त्यासाठी कित्येक संच फोडावे लागत. आता ते दुसऱ्या खंडातील संग्राहकाकडून टपालाने येऊ लागले.

हे खेळणे किती गंभीरपणे घेतले जाते, याची साक्ष एका रंगाने दिली. २००४ च्या सुमारास कारखान्याने आपल्या जुन्या करड्या रंगाच्या दोन्ही छटा बदलून त्यांत निळसर झाक आणली. मुलांच्या ते ध्यानातही आले नसेल. परंतु करडा हा किल्ल्यांचा, आगगाड्यांचा आणि अंतराळयानांचा रंग. ज्यांनी पंचवीस वर्षे पोतीच्या पोती जुने करडे ठोकळे जमविले, त्यांच्या भिंतीला आता नव्या ठोकळ्याचे ठिगळ दिसू लागले. जुना ठोकळा नव्यावर बसत होता, पण शोभत नव्हता. मोठा गदारोळ उठला. सामान्य माणसाला हा रागराग हास्यास्पद वाटेल. तथापि ज्या वस्तूची सारी किंमत ‘आजचे कालच्याशी जुळते’ या एका वचनावर उभी आहे, तेथे त्या वचनाला गेलेला तडा लहान म्हणता येणार नाही.

आणि वेळही कशी! २००३ व २००४ या दोन वर्षांत कंपनी प्रचंड तोट्यात होती. निरनिराळ्या आकारांच्या नगांची संख्या बारा हजारांवर गेली होती, करमणुकीची उद्याने गळ्यात पडली होती. २००४ साली योर्गेन विग क्नुडस्टोर्प हे मालकांच्या कुटुंबाबाहेरचे, वयाने तरुण असे गृहस्थ सूत्रधार झाले. त्यांनी नगांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले, उद्याने विकली आणि कंपनीला पुन्हा ठोकळ्याकडे वळविले. प्रौढ ग्राहकांकडे आजवर सौम्य दुर्लक्षच होते. आता त्यांच्याशी बोलणे सुरू झाले. संग्राहकांसाठी मोठे संच २००० पासून निघू लागलेच होते. २००७ मध्ये कोपऱ्यावरील कॅफेची तीनमजली इमारत आली. २००८ मध्ये प्रसिद्ध वास्तूंची मालिका सुरू झाली. तिची मूळ प्रेरणा शिकागोचे वास्तुशिल्पज्ञ अ‍ॅडम रीड टकर यांची. पुढे हौशी माणसाने सुचविलेल्या प्रतिकृतीला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाल्यास ती संच म्हणून काढण्याचा विचार करावयाचा, अशीही प्रथा पडली. २०२० पासून काळ्या खोक्यांवर ‘१८ वर्षांवरील’ असा शिक्का उघडपणे झळकू लागला. २०२२ साली निघालेल्या आयफेल मनोऱ्यात १०,००१ नग असून तो १४९ सेंटिमीटर उंच भरतो. एवढ्या उंचीचे पोर शाळेच्या वरच्या वर्गात असते.

भारतीयाला जवळचा वाटेल असा संच म्हणजे ताजमहाल. २००८ साली तो ५,९२२ नगांचा निघाला व त्या वेळी लेगोचा नगसंख्येने सर्वांत मोठा संच ठरला. चौकोनी ठोकळ्यांतून ताजचा कांद्यासारखा घुमट कसा उभारावयाचा, हा त्यातील खरा पेच. वळणदार नगांच्या पाकळ्या आतल्या सांगाड्याला बाहेरून टांगून तो सोडविलेला आहे. थोड्याच वर्षांत हा संच बाजारातून काढून घेण्यात आला आणि त्याची किंमत चढू लागली. न उघडलेल्या खोक्याला मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे मिळू लागले. मग २०१७ साली कंपनीने तोच संच पुन्हा काढला. या वेळी नग ५,९२३. वाढलेला नग म्हणजे ठोकळे उचकटण्याचे लहानसे अवजार! ज्यांनी नऊ वर्षे खोके माळ्यावर जपून ठेवले होते त्यांचे तोंड कडू झाले, आणि ज्यांना ताज नुसता रचावयाचा होता त्यांची दिवाळी झाली.

या छंदातील जुनी तेढ येथे उघडी पडते. एक पंथ खोके न फोडणाऱ्यांचा, दुसरा फोडून रचणाऱ्यांचा. पहिल्या पंथाला आकडेवारीचाही आधार आहे. मॉस्कोतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ ते २०१५ या काळातील दोन हजारांहून अधिक संचांचे भाव तपासले, तेव्हा बाजारातून गेलेल्या संचांवर सरासरी वर्षाला ११ टक्के तरी परतावा मिळाल्याचे दिसले. सरासरी हा शब्द मात्र फसवा. कोणता संच चढेल हे आधी सांगता येत नाही, खोक्याचा कोपरा दबला तरी भाव पडतो, आणि ताजचे उदाहरण समोर आहे. शिवाय जो ठोकळा कधी दुसऱ्या ठोकळ्यावर बसलाच नाही, त्याला ठोकळा म्हणावे की हुंडी, हा प्रश्न उरतोच.

रचणाऱ्यांचे कष्ट रचून झाल्यावर सुरू होतात. पहिला शत्रू ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ए.बी.एस. हळूहळू पिवळे पडते; पांढरा व करडा हे रंग अगोदर बळी जातात. कित्येक जण पिवळे ठोकळे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उजेडात ठेवतात. त्याने रंग उजळतो, पण तो टिकेलच असे नाही. म्हणून शहाणा संग्राहक मुळातच खिडकीसमोरची भिंत टाळतो. दुसरा शत्रू धूळ. हजारो खुंट्यांच्या मधली धूळ फडक्याने निघत नाही, मऊ कुंचल्यानेच झाडावी लागते. तेव्हा काचेचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे कपाट हेच उत्तम. मुंबई-कोकणच्या दमट हवेत प्लास्टिकला धोका नाही. मात्र खोकी, रचनेच्या पुस्तिका आणि चिकटचित्रे यांना ओल लागते, आणि संग्राहकाच्या लेखी पुस्तिकेविना संच अर्धा मोलाचा.

आणखी एक वाद डिंकाचा. करमणुकीच्या उद्यानांतील व कलादालनांतील कृती चिकटविलेल्या असतात. न्यूयॉर्कची वकिली सोडून ठोकळ्यांचा शिल्पकार झालेला नेथन सवाया हाही आपली शिल्पे चिकटवितो, कारण ती गावोगाव फिरवावी लागतात. घरगुती छांदिष्ट मात्र डिंकाचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालतो. त्याच्या मते मोडता न येणारी प्रतिकृती म्हणजे साचलेले पाणी. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. किल्ला ठेवावयाचा नसतो, पुढल्या वर्षी नवा करावयाचा असतो.

कोपऱ्यावरच्या त्या कॅफेने एक सोय करून ठेवली आहे. तिच्या मालिकेतील प्रत्येक इमारतीच्या बाजूच्या भिंतीत ठरावीक जागी छिद्रे असतात, त्यांत खिळ्या घातल्या की शेजारची इमारत पक्की जोडली जाते. हौशी मंडळी स्वतःच्या कल्पनेने रचलेल्या घरांतही तीच जागा पाळतात. त्यामुळे डेन्मार्कमध्ये, सिअ‍ॅटलमध्ये किंवा शिकागोत प्रदर्शन भरते, तेव्हा एकमेकांस कधी न भेटलेली माणसे आपापली घरे खोक्यांतून आणतात आणि लांबच लांब टेबलांवर रस्ता, पदपथ, ट्रामचे रूळ यांसह सबंध नगर उभे राहते. कुणाचे न्हाव्याचे दुकान, कुणाची बँक, कुणाचा जळालेला वाडा. रविवारी संध्याकाळी खिळ्या निघतात, आणि जो तो आपले घर काखोटीला मारून गावी परततो.